दुसऱ्या गिअरची पूजा

एकदा एक मोटारसायकलींचा कारखाना होता, आणि त्याला धाप लागली होती.

यंत्राला कुठं धाप लागते, असं कुणी विचारील. यंत्राला नाहीच लागत. पण कारखाना म्हणजे माणसं, आणि ती माणसं वीस वर्षं पळत होती. शर्यतीच्या घोड्यासारख्या दिसणाऱ्या, तरण्या पोरांना वेड लावणाऱ्या गाड्या तिथं बनत. चार बनून झाल्या होत्या. कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे शेठ म्हणत, ते आपल्या गाड्या लेकींसारख्या मोजत. थोरली, मधली, धाकटी आणि शेंडेफळ.

थोरली साधी होती. गोल दिवा, लांब बैठक, चार गिअर. नवरा, बायको, मधे एक पोर आणि टाकीवर दुसरं, असा अवघा प्रपंच तिच्यावर मावे. एकट्यानं पळवली तर कानात वाराही घुमे. मधलीला तोंडावर मुखवटा आला आणि पाचवा गिअर मिळाला. धाकटीच्या हँडलची मूठ खाली उतरली, मागची बैठक वर चढली, गिअर सहा झाले. आणि शेंडेफळ अशी निपजली, की तिच्यावर माणूस बसत नसे, भिंतीवरच्या पालीसारखा चिकटत असे. मागं बसणारीनं पदर धरावा की जीव धरावा, ते तिचं तिनं बघावं.

थोरलीचे गिअर एका जुन्या कारागिरानं कापले होते. त्यांना आप्पा म्हणत. आप्पांचं वय झालं, हात कापायला लागले, तसे ते घरी बसले. पुढच्या तिन्ही गाड्या त्यांच्या शिष्यानं घडवल्या. शिष्य आता चाळिशीला टेकला होता. मोठा गुणी माणूस. पण त्यानं गाडी बनवावी, वर्षभरात दुसऱ्या कारखान्यानं तिच्याहून पाच कोस पुढं पळणारी काढावी, की शेठ पुन्हा याच्या दाराशी उभे. असं तीनदा झालं. माणूस विहिरीतून पाणी शेंदतो, त्याला निदान घागर तरी भरलेली दिसते. याची घागर कधी भरलीच नाही.

नवरात्र बसायच्या आधी शेठनी त्याला बोलावलं.

"पाचवी काढायची. शेंडेफळापेक्षा ताशी वीस किलोमीटरनं जास्त पळाली पाहिजे. खंडेनवमीला, सगळ्यांच्या देखत, नारळ फोडून तू हो म्हणायचंस."

"शेठ, शेंडेफळानंतर पाचवी कशी होईल?" शिष्य हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला.

"थट्टा नको. तुला जमत नसेल तर बाहेरचा माणूस तयार आहे. मग तुझी खुर्ची त्याची. विचार कर."

शिष्य बाहेर पडला. त्याला राग आला नाही, दुःखही झालं नाही. नुसते पाय जड झाले. त्याच पायांनी तो आप्पांच्या घरी गेला. आप्पा ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते.

"आप्पा, मी दमलो. नोकरी सोडावी म्हणतो."

"जेवलास?"

"भूक नाही."

"मग नुसता बस." आप्पांनी दुसऱ्या गुडघ्याला तेल लावलं. मग म्हणाले, "कशानं दमलास?"

"कामानं, दुसरं काय!"

"कामानं दमलेला माणूस जेवतो, लेका." तेलाची वाटी बाजूला सारून ते उठले. "उद्या सकाळी ये. जुन्या कपड्यात ये. भंगारात जायचंय."

का, कशाला, काही सांगितलं नाही. शिष्यानंही विचारलं नाही. विचारायलाही अंगात बळ लागतं.

गावाबाहेर एका बाईचं भंगाराचं आवार होतं. बाई साठीची, तोंडाची फटकळ. आप्पांना ओळखत होती. शिष्याला बघून म्हणाली, "हे कारखान्याचे मोठे सायेब ना? काय सायेब, नवीन जमंना म्हणून जुन्या न्यायला आला व्हय?"

"तुझ्याकडं आमच्या चारी असतील," आप्पा म्हणाले. "चौघींचे गिअरबॉक्स काढून दे. ज्या हाताला लागतील त्या."

"चारी हायेत. थोरली पंधरा-पंधरा वर्सं राबून येती माझ्याकडं, म्हातारी होऊन. ही शेंडेफळं मातुर लई लवकर येत्यात, चेंदामेंदा होऊन. कवाकवा टायराची लवसुदीक गेल्याली नसती." एवढं बोलून ती पाना शोधायला आत गेली.

चार गिअरबॉक्स आले. आप्पांनी रॉकेलचं घमेलं मागवलं, जमिनीवर गोणपाट अंथरलं, आणि शिष्याला म्हणाले, "खोल. धू. पूस. मांड."

"मी?"

"माझे हात कापतात. तुझे अजून नाही कापत."

भंगारवाली लांबून ओरडली, "आप्पा, सायबाला भांडी घासायला लावलीत! घरी नवरात्राची घासायची राहिल्यात माझी, तिकडंबी धाडा!"

शिष्य उकिडवा बसून दुपारपर्यंत धूत राहिला. चार ओळी मांडल्या. थोरलीचे चार, मधलीचे पाच, धाकटीचे सहा, शेंडेफळाचे सहा. आप्पा ओळींशेजारी काठी टेकून उभे होते.

"काय दिसतं?"

शिष्यानं एक नजर टाकली. "चौघींच्या दुसऱ्या गिअरचे दाते झिजलेत. पोलाद हलकं लागलं असेल. पुरवठादाराला विचारतो."

"हं," आप्पा म्हणाले. त्यांनी वाकून शेंडेफळाचा दुसरा गिअर उचलला. मग सहावा उचलला. दोन्ही आपल्या उपरण्यात बांधले, भंगारवालीच्या हातावर पैसे ठेवले आणि घरी निघाले. शिष्य तिथंच काळ्या हातांनी बसून राहिला. म्हाताऱ्याला भ्रम झाला असावा, असं त्याला वाटलं, आणि असं वाटल्याचं वाईटही वाटलं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी शस्त्रं पुजायची, आणि ज्यांच्याकडं शस्त्र नाही त्यांनी आपली हत्यारं पुजायची, ही आपली जुनी रीत. कारखान्यात प्रत्येक यंत्राला गंध लागलं, झेंडूच्या माळा चढल्या. पूजा सगळ्यात वृद्ध कारागिरानं करायची, म्हणून वर्षातून एकदा आप्पांना बोलावणं असे. मधोमध चौरंग मांडला होता. त्यावर होऊ घातलेल्या पाचवीचा चंदेरी नमुना ठेवायचा होता. रिकाम्या चौरंगापाशी आप्पा आले. त्यांनी उपरणं सोडलं, आणि तो झिजलेला, काळवंडलेला दुसरा गिअर चौरंगावर ठेवला. त्याला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, फूल ठेवलं, आणि हात जोडले.

कुणीतरी मागं फिसकन हसलं.

शेठ पुढं आले. "आप्पा, हे काय? नव्या गाडीच्या जागी भंगार बसवलंत?"

"भंगारच आहे, शेठ. तुमच्याच शेंडेफळाचं."

"अहो, पण सणाच्या दिवशी झिजलेला तुकडा पुजायचा?"

आप्पांनी उपरण्यातून सहावा गिअर काढला आणि शेठच्या तळहातावर ठेवला. "हा बघा. याच गाडीचा. कापताना दात्यांवर बारीक रेघा पडतात, त्या तशाच आहेत. कारखान्यातून गेला तसा भंगारात आला. याला कुणी हात लावला नाही. मी चौघींचे बघितलेत. थोरलीचा सर्वांत वरचा गिअर चांगला झिजलेला होता, तेव्हा रस्ते मोकळे होते. मधलीचा त्याहून कमी. धाकटीचा कोरा. शेंडेफळाचे वरचे दोन्ही कोरे. जसजशी गाडी पळती होत गेली, तसतशी ती कमी पळाली. आणि दुसऱ्यावर भार वाढत गेला. का? कारण माणूस दुसऱ्यावरच राहतो, शेठ. मंडईच्या गर्दीत दुसरा. शाळेच्या फाटकाशी दुसरा. खड्डे, चढ, वरात, प्रेतयात्रा, सगळीकडं दुसरा. बायकोला दवाखान्यात नेताना तर दुसऱ्याच्या वर जाण्याची छाती होत नाही. शस्त्र पुजायचं तर लढलेलं पुजावं. म्यानातलं काय पुजायचं?"

शेठनी सहाव्याच्या दात्यांवरून अंगठा फिरवला. ते काही मूर्ख नव्हते. म्हणाले, "आप्पा, तुमचं खरं. सहावा कुणी वापरत नाही. पण लोक गाडी घेतात ती त्या सहाव्यालाच बघून. दुसरा गिअर बघून आजवर एकानं तरी माझ्याकडं गाडी घेतलीय का?"

आप्पा हळू म्हणाले, "नाही घेतली. माणूस घेताना मनातल्या रस्त्यासाठी घेतो, आणि चालवताना दारातल्या रस्त्यावर चालवतो. मनातल्याचा धंदा तुम्ही करा. त्याला मी कोण नको म्हणणारा? पण दारातल्या रस्त्यावर त्याच्याबरोबर कोण आहे, तेवढं कुणीतरी बघायला हवं."

आणि मग ते शिष्याकडं वळले. आवाज अगदी उतरला होता, जणू तिथं दोघंच होते.

"तू मला म्हणालास, कामानं दमलो. कामानं कुणी असं दमत नाही. तू वीस वर्षं ज्याच्यासाठी धावलास तो माणूस रस्त्यावर नव्हताच. पोचायचं ठिकाणच नसेल तर विसावा कुठं मिळणार? आणि जो खरा रस्त्यावर होता, त्याचे झिजलेले दाते तू हातात धरलेस, आणि पोलादाला बोल लावलास."

शिष्याची मान खाली गेली. लाजेनं नव्हे. चौरंगावरच्या गिअरकडं तो आता पहिल्यांदा नीट बघत होता. प्रत्येक दात्याची धार एकाच बाजूनं गोल झाली होती, ओझं ओढणाऱ्या बाजूनं. नदीच्या गोट्यासारखी. हे काम त्यानंच केलं होतं, घाईत, सहाव्याच्या नादात, उरलेल्या वेळात.

"बोल," शेठ म्हणाले. नारळ त्यांच्या हातात होता. "पाचवीला हो की नाही?"

खुर्ची, मान, वर्तमानपत्रातला फोटो, हे सगळं शिष्याच्या डोळ्यांपुढून गेलंच असेल. माणूसच तो.

"शेठ, वीसनं वेग नाही वाढवत मी. आपल्या चौघींचे दुसरे गिअर नव्यानं कापतो. दाते रुंद करतो. कमी वेगात गाडी गचके देते ते घालवतो. मागं बसणारीला धरायला काहीतरी देतो."

"आणि जाहिरातीत मी काय लिहू? दाते रुंद?"

"ते मला नाही येत."

यावर दोघेचौघे हसले, शेठही हसले, पण त्यांचं हसू लवकर मावळलं. त्यांनी हातातला नारळ चाचपला. मग म्हणाले, "पाचवी मी बाहेरच्या माणसाकडं देतो. मला ती काढावीच लागेल, नाहीतर दुकान बसेल. खुर्ची त्याची. तू आप्पांच्या जुन्या खात्यात जा आणि दुसरे गिअर कर. नाव कुठं लागणार नाही तुझं."

"चालेल."

"पगारही..."

"चालेल, शेठ."

नारळ फुटला. पाणी सगळ्या यंत्रांवर शिंपडलं, पेढे वाटले. आप्पा कुणाशी फार न बोलता काठी टेकत घरी गेले. ते जिंकले असं त्यांना वाटलं नसावं. शिष्याची खुर्ची गेली होती, आणि पाचवी तर येणारच होती.

दुसऱ्या दिवशी दसरा. शिष्य सकाळी मंडईच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला. आपट्याच्या पानांच्या राशी, झेंडूचे ढीग, माणसांची ही गर्दी. वीस वर्षांत त्यानं हजारो गाड्यांचे आवाज ऐकले होते, पण चाचणीच्या मोकळ्या रस्त्यावर. इथं तो डोळे मिटून ऐकायला लागला. पहिला, दुसरा. पहिला, दुसरा. पुन्हा पहिला. अर्धा तास उभा होता, तिसऱ्यात कुणी गेलंच नाही.

समोरून एक शेंडेफळ आली. वर पस्तिशीचा माणूस, पाठीची कमान करून पुढं वाकलेला. मागं उंच बैठकीवर त्याची बायको, एका हातानं नवऱ्याचा खांदा आणि दुसऱ्या हातानं दळणाचा डबा धरून. गाडी गचके देत होती. प्रत्येक गचक्याला बाई डबा पोटाशी ओढी.

"अहो, हळू!"

"हळूच चाललोय गं, आणखी किती हळू?"

"मग ही मेली उड्या का मारती?"

शिष्यानं त्यांना काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही झालंही नव्हतं अजून. बाजूला सरून त्यानं वाट दिली, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिचे गचके मोजत राहिला. मग त्याला एकाएकी कडकडून भूक लागल्याचं ध्यानात आलं, आणि तो जेवायला घरी गेला.

फार दमल्यासारखं वाटलं, तर आणखी किती पळायचं हे विचारू नये. आपलं पळणं कुणाच्या उपयोगी पडलं, ते एकदा उघडून बघावं.