फाटकावरचा फोटो

नववं ग्रीन जाळलं ते क्लबचे अध्यक्ष विश्रामराव सरनोबत यांनी. ग्रीन म्हणजे गोल्फच्या भोकाभोवतीचं गालिच्यासारखं गवत. व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा तोंडावर आली, तेव्हा ‘श्रमदान’ म्हणून साहेबांनी तिथं भर दुपारी युरिया फेकला, कारण फोटोग्राफर दुपारी आला होता. मुख्य माळीण हौसाक्का म्हणाली, “साहेब, सांजच्याला टाका, वर पाणी मारू.”

“मला शिकवतेस? माझे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत!”

केस कशानं झाले देव जाणे. गवत मात्र चार दिवसांत करपलं.

स्पर्धेचे पंच मैदान बघायला आले आणि ते चट्टे बघून थबकलेच. विश्रामरावांनी सरळ हौसाक्काकडे बोट दाखवलं. तिची वीस वर्षांची नोकरी जायची वेळ आली. वर म्हातारा पंचांसमोर गरजला, “ज्यानं हे केलं, त्याचा फोटो फाटकावर लावा! स्पर्धा संपेपर्यंत त्याला आत सोडायचं नाही!”

“हुकूम पक्का ना, साहेब?” हौसाक्कानं विचारलं.

“पक्का! काढा रे हिचा फोटो!”

“नवा कशाला काढताय? क्लबच्या हॉलमदी टांगलाय की, युरिया फेकतानाचा. फ्रेम हाय, हार हाय, खाली तुमचं नावबी हाय.”

पंचांनी हॉलमध्ये जाऊन फोटो पाहिला. परत येऊन ते पहारेकऱ्याला म्हणाले, “अध्यक्षांचा हुकूम पाळा.”

स्पर्धेचे चारही दिवस विश्रामराव फाटकाबाहेर राहिले. विजेत्याला चषक दुसऱ्याच कुणी दिला.