न हलणाऱ्या फायली

देवखिंडीच्या महाराजांचा कॉम्प्युटर तुडुंब भरला!

महाराज रणधवलराव आपल्या घराण्याचा इतिहास लिहीत होते. राज्य केव्हाच गेलं होतं. राजवाडा राहिला होता, दिवाणजी राहिले होते आणि महाराजांचा हट्ट तर पूर्वीपेक्षा भरभक्कम झाला होता. इतिहास लिहून संपला. छापखान्याचा माणूस तो न्यायला येऊन दिवाणखान्याबाहेर बसला. आता फक्त पूर्वजांची चित्रं घालायची होती. महाराजांनी पहिलंच चित्र घेतलं, हत्तीवर बसलेल्या पणजोबांचं. पडद्यावर अक्षरं उमटली, 'जागा शिल्लक नाही.'

"माझ्या पणजोबांना जागा नाही?" महाराज गरजले. "सत्तावीस खोल्यांचा राजवाडा आहे माझा!"

कॉम्प्युटर काही घाबरला नाही.

शहरातून दोन जाणकार आले. पहिला म्हणाला, "सगळं पुसू आणि नव्यानं भरू." त्याला चहासुद्धा मिळाला नाही. दुसरा म्हणाला, "यंत्र पंधरा वर्षांचं म्हातारं झालंय. बदलून टाका."

"पंधराव्या वर्षी म्हातारा? मी बहात्तरचा आहे! मलाही बदलणार का?"

दुसराही आल्या वाटेनं गेला. मग महाराजांनी हुकूम सोडला, "दिवस मावळायच्या आत जागा करा! माझं लिहिलेलं एक अक्षरही जाता कामा नये. आणि एकाही नोकरानं हा कॉम्प्युटर बंद करायचा नाही! जो करील त्याची नोकरी गेली!"

दोन वर्षांपूर्वी तो एकदा बंद केला होता, तेव्हा चार दिवस उठला नव्हता. महाराजांना चार दिवस जेवण गेलं नव्हतं. तेव्हापासून तो अखंड चालू होता. वीज गेली की राणीसाहेब अंधारात हातपंख्यानं वारा घेत बसत, आणि इन्व्हर्टर मात्र कॉम्प्युटरला!

हुकूम ऐकून दिवाणजी, आचारी, सगळेच खाली बघू लागले. तेवढ्यात ग्रंथालय झाडणारी हौसा म्हणाली, "सरकार, मी बघू का?"

दिवाणजी फिसकन हसले. "हौसे, झाडूवाली कॉम्प्युटर साफ करणार होय?"

"साफ करणं माझंच काम आहे, दिवाणजी!"

हौसानं माहेरच्या गावी पाच वर्षं कॉम्प्युटरचे वर्ग झाडले होते. झाडता झाडता कान उघडे ठेवले होते. तिनं आधी सगळा इतिहास पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला आणि तो महाराजांच्या हातात दिला. "हा मुठीत घट्ट धरा, सरकार. आपलं अक्षर न् अक्षर यात आहे."

मग तिनं एक फोल्डर उघडला. आत फायलीच फायली! एकीचंही नाव धड वाचता येईना.

"हे आपण लिहिलंत, सरकार?"

"मी असलं कशाला लिहीन? ही काय नावं आहेत!"

"या तात्पुरत्या फायली. कामापुरत्या येतात आणि जायचं विसरतात. आपल्या नाहीत, तर काढू?"

"हाकलून दे!"

हौसानं पुसायला घेतल्या. दोन-चार गेल्या. बाकीच्या जागच्या हलेनात. दरवेळी एकच उत्तर, 'ही फाईल वापरात आहे.'

"कोण वापरतंय?" महाराज लालबुंद झाले. "त्याला माझ्यासमोर उभा करा!"

हौसानं क्षणभर विचार केला. घरात कमावणारी ती एकटीच होती. पण ती शांतपणे वळली. "दिवाणजी, दोन वाजले. जेवून या बरं."

दिवाणजी जागचे हलले नाहीत.

"आचारीबुवा, तुम्ही तरी जा."

आचारीही हलला नाही. त्याच्या पोटातला आवाज मात्र सगळ्यांना ऐकू आला.

"अगं, सरकार बसलेत!" दिवाणजी कुजबुजले. "ते उठल्याशिवाय आम्ही कसे हलणार?"

"ऐकलंत, सरकार?" हौसा म्हणाली. "आतही हेच चाललंय! सगळे प्रोग्रॅम दोन वर्षं गादीवर बसून आहेत. ते उठल्याशिवाय त्यांच्या दरबारातल्या फायली कशा हलतील? कॉम्प्युटर एकदा बंद होऊन उठला, की गाद्या रिकाम्या!"

"म्हणजे बंद करायचा?" महाराज ताडकन उभे राहिले. "माझा हुकूम मोडतेस?"

"मी कुठं हात लावतेय? हुकूम नोकरांना आहे. आपण कुणाचे नोकर, सरकार?"

महाराजांच्या मिशा थरथरल्या. रागानं की हसू दाबल्यानं, ते कुणाला कळेना. अखेर त्यांनी मूठ छातीशी धरली, डोळे मिटले आणि स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर बंद केला.

पडदा काळा झाला. पंखा थांबला. महाराजांचा श्वासही थांबला. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा बटण दाबलं. काही नाही.

घर्रर्र! म्हातारा खोकला, कुरकुरला आणि उठला!

हौसानं पुन्हा त्या फायली निवडल्या आणि पुसल्या. या वेळी एकीनंही 'वापरात आहे' म्हटलं नाही. भराभर सगळ्या गेल्या. महाराजांनी पणजोबांचं चित्र टाकलं. पणजोबा हत्तीसकट आत शिरले!

महाराज खो-खो हसत सुटले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "बहात्तर वर्षांत मला कुणी उठवलं नव्हतं, हौसा! आजपासून तू ग्रंथालयाची प्रमुख. पगार दिवाणजींइतका! शिवाय हा माझा जरीचा शेला. आणखी काय हवं ते माग!"

हौसानं पदरानं घाम पुसला.

"बसायला एक खुर्ची द्या, सरकार. सकाळपासून उभी आहे!"

महाराजांनी पुन्हा हसत आपली स्वतःची खुर्ची तिच्यापुढे सरकवली.