बगळ्यांचा शेला

फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावात एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ राहत होते. बहिणीचं नाव येसू, भावाचं रखमाजी. आईवडील लवकर गेले, तेव्हा येसूनंच त्याला वाढवलं आणि मागावर बसवून विणायलाही शिकवलं.

रखमाजी साधी पांघरुणं विणायचा. नक्षी काही त्याला जमत नसे; पण त्याचं कापड घट्ट, मऊ आणि वर्षानुवर्षं टिकणारं. येसूचा हात मात्र वेगळाच होता. रखमाजीच्या लग्नासाठी म्हणून तिनं वर्षभर खपून एक शेला विणला. जांभळ्या काठावर पांढऱ्या बगळ्यांची रांग; वाटावं, आत्ता उडतील. शेला पुरा झाला आणि तिचे डोळे दुखायला लागले. वैद्यबुवा म्हणाले, "येसूबाई, आता बारीक काम बंद. ऐकलं नाहीत, तर आहे ती नजरही जाईल."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गावात दवंडी आली. "ऐका हो ऐका! राजवाड्याच्या वस्त्रागारात एक विणकर नेमायचा आहे. पौर्णिमेला यावं, आणि येताना आपण रोज विणतो ते कापड आणावं हो!"

रखमाजीनं आपलं एक पांघरूण गाठोड्यात बांधलं. निघताना येसूनं शेला त्याच्या खांद्यावर टाकला. "राजवाड्यात चाललायस. अंगावर चांगलं काही असू दे."

वाड्याच्या अंगणात वीस-पंचवीस विणकर जमले होते. कुणी जरीचं पातळ आणलं होतं, कुणी वेलबुट्टीची शाल. रखमाजीनं आपलं गाठोडं हळूच पाठीमागे सरकवलं. या सगळ्यांपुढे पांघरूण काय दाखवायचं?

वस्त्रागाराच्या मुख्य बाई वयस्कर होत्या. त्यांनी विचारलं, "काय आणलंस, बाबा?"

रखमाजीनं खांद्यावरचा शेला काढून त्यांच्यापुढे पसरला. सगळं अंगण बघतच राहिलं.

"हा तू विणलास?"

"हो."

"आणि रोज असंच विणतोस?"

तो म्हणाला, "हो, बाईसाहेब. रोज."

राणीसाहेबांच्या कानावर गोष्ट गेली. त्यांनी शेला हातात घेतला आणि म्हणाल्या, "आमच्या लेकीच्या लग्नात तिच्या अंगावर अस्साच, पण नवाकोरा शेला हवा. तीन महिन्यांनी लग्न आहे. तो विणून आण आणि मग कामावर रुजू हो."

रखमाजी घरी आला तो मान खाली घालून. सगळं ऐकल्यावर येसूनं एवढंच विचारलं, "माझा शेला तुझा म्हणून सांगितलास?"

रखमाजीनं मान डोलावली.

"अरे, वैद्यबुवा काय म्हणाले ते तुला ठाऊक आहे ना?"

"एवढा एकच शेला, अक्का. नाहीतर राजवाड्यात मी खोटा ठरेन. गावात तोंड दाखवता येणार नाही मला."

येसू उठली आणि मागावर ताण्याचे उभे धागे चढवू लागली.

सूर्य उगवला की ती मागावर बसे, मावळला की उठे. पहिल्या महिन्यात तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. दुसऱ्या महिन्यात तिला धाग्यांचे रंग ओळखू येईनात. रखमाजी शेजारी बसून एकेक रंग तिच्या हातात देऊ लागला. "अक्का, राहू दे आता," असं रोज त्याच्या ओठांवर येई, आणि रोज तो ते गिळून टाकी. शेवटचा बगळा तिनं नुसत्या बोटांनी चाचपून विणला. शेला मागावरून उतरला तेव्हा तिच्यापुढे सगळा अंधार होता.

रखमाजी तो घेऊन राजवाड्यात गेला. राणीसाहेब खूश झाल्या. मुख्य बाई म्हणाल्या, "धन्य तुझी बोटं!" ते ऐकलं आणि रखमाजीनं बाईंचे पाय धरले. रडत रडत त्यानं सगळं सांगून टाकलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या दिवशी तुझ्या गाठोड्यात काय होतं?"

"माझं पांघरूण. साधंच होतं, म्हणून नाही दाखवलं."

"अरे, जरीकाम करणारे आमच्याकडे सातजण आहेत," बाई कळवळून म्हणाल्या. "रुग्णालयातल्या माणसांना थंडीत पांघरायला उबदार पांघरुणं हवी होती. म्हणून तर दवंडीत म्हटलं होतं, रोज विणता ते आणा. तसं विणणारा त्या दिवशी एकही मिळाला नाही. राणीसाहेबांनी तुला नक्षीकामावर घेतलं, म्हणून पांघरुणांच्या त्या जागेवर आम्ही परगावाहून दुसरा विणकर बोलावला."

लग्नात शेला येसूच्या नावानं मिरवला गेला. तिचं नाव राज्यभर झालं. राजवैद्यही येऊन तिचे डोळे पाहून गेले, पण गेलेली नजर काही परत आली नाही.

रखमाजी घरी आला, येसूच्या पायांशी बसला आणि बाई जे म्हणाल्या ते सगळं त्यानं तिला सांगितलं.

येसूनं चाचपडत त्याचं डोकं शोधलं, त्यावर हात ठेवला आणि हलकेच विचारलं, "मग तेच का नाही रे दाखवलंस?"



तात्पर्य एवढंच: कुणाच्या दारी काम मागायला जाल, तेव्हा आपल्या हातचं जे असेल तेच पुढे ठेवा. ते साधं असलं तरी चालेल. उसन्या मोठेपणाची भरपाई मात्र बहुतेक वेळा आपल्याच माणसाला करावी लागते.