सांध्यावरचे तीन ठसे

सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण त्या जंगलातल्या जुन्या यंत्राच्या केबिनमध्ये एक घड्याळ होतं, आणि यंत्राचं बाकी सगळं कुरकुरत असलं तरी ते घड्याळ बरोबर चालायचं. नऊ वीसला टेकडीची दरड सुटली आणि सशिणीच्या बिळाचं तोंड बंद झालं. सशीण कोवळं गवत आणायला गेली होती. पिल्लं आत होती. तिन्ही.

मुलांनो, त्या जंगलात, टेकडीच्या पायथ्याशी, हे पिवळं यंत्र राहत असे. राहत असे असंच म्हणते मी, कारण सगळे त्याला घरातलंच धरायचे. माणसं रस्ता करायला आली होती, ती जाताना जुनं झालं म्हणून त्याला तिथंच सोडून गेली. सोबत डिझेलचं पिंप आणि ग्रीसचा डबाही राहिला. यंत्राला पुढे सुपासारखी रुंद बकेट, तिने माती ढकलायची, उचलायची, भरायची. मागे लांब हात, कोपरातून वाकणारा, त्याच्या टोकाला दातांची छोटी बकेट, तिने खोल खणायचं. खणताना हलू नये म्हणून बाजूंना दोन लोखंडी पाय. ओढ्यातला गाळ, वाटेवर पडलेलं झाड, पाणवठ्याचा खड्डा, सगळं ते एकटं करायचं. चालवायचं अस्वल. आणि निगा राखायचा मुंगूस.

मुंगसाचं काम कुणाच्या डोळ्यांत भरणारं नव्हतं. सुरू करण्याआधी तो इंजिनाचं तेल काडीने बघायचा, रबरी पाइपांना कुठे ओल आलीय का ते चाचपायचा. मग हाताच्या प्रत्येक सांध्याशी जायचा. सांध्यात मनगटाएवढी जाड लोखंडी पिन असते आणि बाहेर एक बारीक बोंड असतं. त्या बोंडाला पिचकारी लावून ग्रीस भरायचं. आतली जुनी काळी घाण कडेने बाहेर आली, की समजायचं सांध्याचं पोट भरलं. “म्हातारं आहे ते,” मुंगूस म्हणायचा, “तरण्यापेक्षा त्याला जेवण वेळेवर लागतं.”

त्या वर्षी खंडेनवमीला कोल्ह्याने पुढाकार घेतला. “नुसतं हळदकुंकू काय लावायचं? अख्खं रंगवून काढू या,” तो म्हणाला. माणसं जाताना टाकून गेलेला रंगाचा डबा त्याने शोधून काढला. झेंडूच्या माळा झाल्या, नारळ फुटला, यंत्र नव्या नवरीसारखं पिवळंधमक झालं. सशिणीला फार हौस. तिने तिन्ही पिल्लांना उचललं आणि हाताच्या कोपराशी, ओल्या रंगात, एकेकाचं पाऊल टेकवलं. “यंत्राची सावली राहू दे रे माझ्या लेकरांवर,” ती म्हणाली. सगळ्यांनी कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी मुंगूस पिचकारी घेऊन आला. ग्रीस आत जाईना, बाहेरच ओघळायला लागलं. रंगाने बोंडं बुजली होती. इतर सांध्यांचा रंग त्याने नखांनी खरवडला, कोल्हा पाठीमागून बोलत राहिला, “पूजेचा रंग आहे, लाज वाटत नाही का?” मुंगसाने लक्ष दिलं नाही. पण कोपराशी आला तेव्हा सशीण आडवी उभी होती.

“राहू द्या ना भाऊजी. माझ्या पोरांची पावलं आहेत ती.”

“वहिनी, तिथंच बोंड आहे. हा सांधा कोरडा राहील.”

“एका सांध्याने काय होतंय? ओढ्याचं काम तर आता झालंय. पुढच्या महिन्यात खरवडा.”

अस्वलही म्हणालं, “मुंगसा, दरवेळी तुझी रड असते. चालतंय की ते.” मुंगूस पिचकारी घेऊन परत गेला. पंधरा दिवस रोज तो त्या कोपराकडे बघायचा आणि पुढे जायचा. तोही चुकलाच.

आणि मग ती सकाळ आली. सशीण माती उकरत ओरडत होती, अस्वलाने यंत्र आणून लावलं. “पुढच्या बकेटने ढकलू नकोस,” मुंगूस म्हणाला, “बीळच खचेल. मागच्या हाताने, वरून हलकेच काढ.” पहिली बकेट निघाली. दुसरी निघाली. तिसरीला कोपरातून दात खाल्ल्यासारखा आवाज आला आणि हात हवेत वाकला तसाच राहिला. अस्वलाने दांडा पुढे ढकलला, मागे ओढला. इंजिन नुसतं घुमत राहिलं. कोरडी पिन आतच धरून बसली होती.

मग सगळे पंजांनी खणायला लागले. कोल्हाही खणत होता. दुपार कलल्यावर मुंगूस अंग चोरून आत शिरला आणि एका पिल्लाला घेऊन बाहेर आला. ते श्वास घेत होतं. तो पुन्हा शिरला, पुन्हा शिरला. पण आणलेली ती दोघं हलत नव्हती. त्यांच्या नाकातली माती सशीण कितीतरी वेळ चाटत होती.

“अजून दोन बकेटा,” अस्वल स्वतःशीच म्हणालं. “दोनच लागल्या असत्या.”

सशीण उठली. कोपरावर चढली. एक एक ठसा नखाने खरवडू लागली, तिघांचाही. कुणी तिला थांबवलं नाही. रंगाखालून बोंड उघडं झालं तेव्हा ती बाजूला झाली आणि म्हणाली, “भरा भाऊजी.” मुंगसाने पिचकारी दाबली. फार वेळाने कडेने लाल भुकटी बाहेर आली, झिजलेल्या लोखंडाची. हात मात्र हलला नाही. तो आजही तसाच वाकलेला आहे, बिळाच्या दिशेने, आणि उरलेलं पिल्लू त्याच्या सावलीत कधी जात नाही.

तात्पर्य : जो आपल्यासाठी राबतो त्याला नटवण्याआधी त्याचं दुखणंखुपणं बघावं; हार उशिरा घातला तर चालतो, तेल उशिरा घातलेलं चालत नाही. तुमच्या ओळखीत कुणाकडे असं जुनं यंत्र असेल, तर बाळांनो, आजच जाऊन त्यांना एवढं सांगा, की रंगाखालचं बोंड आधी मोकळं करा. आणि त्यांनाही म्हणावं, पुढे आणखी कुणाला तरी सांगा.