नदीला दिलेला घाट

रेणुवती नदीच्या काठी चंपकनगर होते. तेथे भद्रसेन राजा राज्य करीत असता बोधिसत्त्वांनी नावाड्यांच्या कुळात जन्म घेतला. त्यांचे नाव सुतीर. वडिलांच्या मागे ते वस्तीचे प्रमुख झाले.

वस्तीचा एक घाट होता. काळ्या दगडाच्या बावन्न पायऱ्या. तो कोण्या राजाने बांधलेला नव्हता. नावाड्यांच्याच वाडवडिलांनी पाठीवर दगड वाहून तो बांधला होता. कितव्या पिढीत, ते कोणालाच सांगता येत नसे. नावा बांधायच्या दगडांवर दोर घासून घासून मूठ मावेल एवढ्या खाचा पडल्या होत्या. तेथे नाव लागे, बायका पाणी भरत, बाळंतीण उठली की पहिल्यांदा तेथे येई आणि मेलेल्या माणसाला शेवटची आंघोळ तेथेच पडे.

नगरातल्या मणिदंत श्रेष्ठीला हा काठ दिसला. तसा तो एरवीही दिसत होता, पण राजाने समोरच्या तीरावर उपवन केले तेव्हापासून नीट दिसू लागला. घाटाच्या जागी सज्जांचा, खांबांचा विलासमहाल बांधण्याची परवानगी त्याने राजाकडून मिळवली. घाट फोडायचा आणि त्याच दगडांनी महालाचा पाया भरायचा, असे ठरले. नगराची शोभा वाढेल, अशी दवंडी पिटली. शोभा वाढवायची म्हटली की गरिबाचेच अंगण का लागते, हे मात्र आजवर एकाही दवंडीने सांगितलेले नाही.

तरुण नावाडी काठ्या घेऊन निघाले. बोधिसत्त्वांनी त्यांना काठ्या घरात ठेवायला लावल्या आणि न्यायसभेत फिर्याद नेली. न्यायामात्य पिंगल हा सरळ माणूस होता. कोणाचे काही घेणारा नव्हता. तो स्वतः पाहणीला आला, दगडाच्या खाचेत मूठ घालून बघितली आणि म्हणाला की ही वहिवाट फार जुनी दिसते. त्या संध्याकाळी वस्तीत घराघरातून मासे तळल्याचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी साक्षी झाल्या. पहिली साक्ष कदंबेची. ती बोधिसत्त्वांच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. घाटाची निगा तिच्याकडे होती आणि जिभेला धार होती.

श्रेष्ठीच्या वकिलाने विचारले, "आजी, घाट तुमचा कशावरून? दगडावर नाव आहे का कोणाचं?"

"नाव घालतात ते चोरीला जाईल अशा वस्तूवर," कदंबा म्हणाली. "तुमच्या शेटजींच्या भांड्यांवर असेल बघा."

सभा हसली. त्या हसण्याने म्हातारीला जोर चढला. आम्ही तुमच्यासारखे हावरे नाही, हे दाखवायच्या भरात तिने वस्तीची रीत सांगितली. पूर ओसरला की सगळी वस्ती घाटावरचा गाळ काढते. शेवटची पायरी धुतली की प्रमुख ओंजळभर पाणी घेतो, ते नदीत सोडतो आणि म्हणतो, 'हा काठ तुझा. आम्ही हक्क सोडला.' काठाला आपला म्हटले की नदी तो गिळते, अशी वस्तीची समजूत होती. दरवर्षी आम्ही तो देऊन टाकतो, असे कदंबेने मान ताठ करून सांगितले.

वकील सावरून उभा राहिला. त्या राज्यात हातावरून पाणी सोडून हक्क सोडला म्हटले की दान पुरे होई. मग दिलेले परत मागता येत नसे. वकिलाने आवाज अजिबात न चढवता म्हटले की घाट यांनी केव्हाच दिलेला आहे. नदी काही सभेत येऊन तो मागणार नाही. मागणारा नसलेली वस्तू राजाची होते आणि राजाने ती श्रेष्ठीला दिली आहे.

पिंगल म्हणाला की एका वृद्ध बाईच्या बोलण्यावर निकाल देणार नाही. ते शब्द खरोखर म्हटले जातात की नाही, हे प्रमुखाने उद्या शपथेवर सांगावे. त्याने दार उघडे ठेवले होते. ते सगळ्यांना कळले.

सभा उठल्यावर कदंबा घाटावर बोधिसत्त्वांपुढे येऊन बसली. तिचा चेहरा एका दुपारीत उतरला होता.

"भावोजी, उद्या सांगा, म्हातारीला चळ लागलाय. मी भर सभेत वेड्यासारखी हसून दाखवीन."

"वहिनी, ते शब्द मी बावीस वर्षं म्हणतोय. मनापासून म्हणतोय."

"मग एकदा मनाविरुद्ध बोला."

"खोटं बोलून राखला तर हा तोच घाट राहील का? नुसते दगड राहतील."

"मग दगडच द्या," कदंबा म्हणाली. "मला दगड पुरतात. घागर दगडावर टेकते, भावोजी. तुमच्या खऱ्यावर टेकत नाही."

यावर बोधिसत्त्वांपाशी उत्तर नव्हते. दुसरा कोणी कथेकरी असता तर येथे त्यांच्या तोंडी चार गोड वाक्ये घातली असती. मी घालणार नाही. ते गप्प बसले, एवढेच घडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शपथ घेतली आणि सांगितले की होय, ते शब्द म्हटले जातात, मीच म्हणतो. पिंगलने डोळे मिटले. मग घाट श्रेष्ठीचा ठरवला. निकाल देताना त्याचा गळा दाटून आला, असे म्हणतात. दाटलेल्या गळ्याने दिला म्हणून निकाल हलका होत नाही.

आठ दिवसांत पहारी लागल्या. वस्ती तीन कोस खाली, दलदलीच्या काठावर हलली. त्याच वर्षी पाणी भरताना चिखलात पाय जाऊन दोन सुना बुडाल्या. त्यातली एक कदंबेची. त्यानंतर वस्तीतले कोणी बोधिसत्त्वांशी बोलले नाही आणि त्यांच्या नावेत कोणी पाय ठेवला नाही. ते रोज मिळतील ते दगड आणून चिखलात टाकीत. पुरात ते दगड वाहून जात. पूर ओसरला की ते पुन्हा आणीत. असे करता करताच एके दिवशी ते मेले.

पुढे बुद्धपदाला पोचल्यावर, काठ गमावून आलेल्या काही लोकांना शास्त्यांनी ही कथा सांगितली आणि पूर्वजन्मीची ओळख पटवली. "तेव्हाचा मणिदंत म्हणजे या लोकांच्या काठावर आपल्याला नवा विहार बांधून देऊ म्हणणारा हा गृहस्थ. तेव्हाचा वकील त्याचा कारभारी. पिंगल म्हणजे विनयाचे सगळे नियम पाठ असलेला हा भिक्षू. सुतीर नावाडी मीच होतो. आणि कदंबा म्हणजे मागे भिंतीला टेकून बसलेली ही वृद्ध भिक्षुणी."

भिक्षुणीने विचारले, "भगवन्, तेव्हा मी चुकीचं मागितलं होतं का?"

"नाही," शास्ते म्हणाले. मग सभेकडे वळून त्यांनी सांगितले, "त्या जन्मी मी जे राखले, त्याला सत्य म्हणतात. त्याची झळ मला थोडी लागली. बाकी सगळी हिने सोसली."