तात्यासाहेबांच्या आवाजाला लगाम

दीपा सुतारने शाळेच्या बसला वेगमर्यादक बसवला आणि संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब घोरपडे भडकले. दीपा जपानात मोटारींचं शिक्षण घेऊन गावी परतलेली. पोरं घरी सुखरूप पोचावीत, एवढाच तिचा ध्यास. तात्यासाहेबांनी पालकसभा बोलावली. यंत्र ठेवायचं की काढायचं, ते हात वर करून ठरणार होतं.

सभेत माईकचं मशीन सांभाळायचं काम नेमकं दीपाकडेच होतं.

“हे यंत्र चालत्या गाडीला मध्येच ब्रेक मारणार,” तात्यासाहेब गरजले. “पोरं तोंडावर आपटली, तर ही जपानी बाई उचलायला येणार का?”

लोक हसले, तसा त्यांना चेव आला. ते आवाज चढवत गेले आणि दीपा आवाजाचं बटण मागे फिरवत गेली. मानेच्या शिरा फुगल्या, तरी कर्ण्यातून आवाज होता तेवढाच.

“ए पोरी, माईक बंद केलास?”

“नाही तात्या, तुमचं सगळं ऐकू येतंय. फक्त आवाज हद्दीबाहेर जाऊ दिला नाही. बसमधलं यंत्रही ब्रेकला हात लावत नाही. चाकांचा वेग बघतं आणि मर्यादा आली की इंजिनाला जादा डिझेल देत नाही. मग ड्रायव्हरने अॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी. आता तुम्ही एवढा जोर लावलात, कोणी आपटलं का?”

सगळा मंडप खदखदून हसला.

यंत्र ठेवण्यासाठी पहिला हात तात्यासाहेबांच्या सूनबाईंनी वर केला. त्या कर्ण्याखालीच बसल्या होत्या आणि त्यांच्या दुसऱ्या हातावर तात्यांचा नातू अजून गाढ झोपला होता.