वेशीला आले बरे दिवस

बुलडोझर नुकते आले होते आणि दगडांची वाचा अजून गेली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

बाजारपेठेच्या तोंडाशी एक दगडी वेस होती. तोफेचे चार गोळे खाऊनही ती हलली नव्हती. रस्ता रुंद करायला बुलडोझर आला, तेव्हा मात्र तिला घाम फुटला. पण गावकरी आडवे झाले आणि बुलडोझर परत गेला.

"बघितलंस? गावाला माझी किंमत आहे," वेस कमानीतल्या पारव्याला म्हणाली. पारव्याच्या सात पिढ्या तिच्यावरच शिटल्या होत्या, तो काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी वेस बचाव समिती आली. समितीने वेशीला गुलाबी ऑइलपेंट फासला आणि पायथ्याला बाथरूमच्या टाइल्स लावल्या. "अहो, पुरे!" वेस ओरडली, पण टाळ्यांच्या कडकडाटात कुणाला ऐकू जाणार? शेवटी अध्यक्षांनी स्वतः हातोडा घेऊन तिच्या कपाळावर पत्र्याची पाटी ठोकली. आठव्या खिळ्याला कमानीला तडा गेला.

"काय रे लिहिलंय?" वेशीने कण्हत विचारलं.

पारव्याने वाचून दाखवलं, "ऐतिहासिक वास्तू. येथे खिळे मारू नयेत."



"उडत जा आणि त्या बुलडोझरला गाठ," ती म्हणाली. "म्हणावं, माझा गैरसमज झाला होता."